सोळाच्या काट्यावर चालवून घेतलेली गळती

रुग्ण ३८ वर्षांची बाई. वजन ५७ किलो, उंची १५० सेंमी. केळीच्या बागेत रोजाने काम. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं घरच्यासारखी सुरळीत, आधी कधी भूल घेतलेली नाही. डाव्या स्तनात चार सेंटिमीटरची, बोटाखालून सटकणारी गाठ. सुईच्या तपासणीत फायब्रोअॅडिनोमा, म्हणजे कर्करोग नसलेली साधी गाठ. गाठ खोल होती आणि बाई फार भेदरलेली होती, म्हणून सर्जनने जागेवरच्या भुलीऐवजी पूर्ण भूल मागितली. काम अर्ध्या-पाऊण तासाचं. ठिकाण म्हणजे तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावातलं छोटं खासगी रुग्णालय. महिना मे, बाहेर पारा ४४ वर. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी त्या रुग्णालयाची नोकरदार नाही. जळगावहून निघून आठवडाभर निरनिराळ्या ओट्यांत, म्हणजे ऑपरेशन थिएटरांत जाणारी भूलतज्ज्ञ आहे. गाडीत माझी पेटी असते. पेटी डिकीत ठेवत नाही, मे महिन्यात तर नाहीच. ती पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसून येते. तिच्यात माझा कॅप्नोग्राफ (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड लाटेसारखा दाखवणारं यंत्र), घसा बघायचा लॅरिंगोस्कोप, नळी घालायला मदतीची लवचिक सळी म्हणजे बूजी, आणि घशात बसवायच्या साधनांची एक चळत. जिथे जाईन तिथे काय असेल याचा भरवसा नसतो, म्हणून ही सवय लागली.

केस सकाळी साडेनऊला लागली होती. मी नऊला पोचले, बाईंच्या खाटेपाशी गेले आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"उपाशी आहात ना ताई?"

"काहीच खादं नही."

इथे बरेच जण थांबतात. मी पूर्वी थांबायचे, आता थांबत नाही. "आणि प्यालात काय?"

बाई नवऱ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "चहा शिवाय मनं डोकं दुखस, म्हनीसन घोटभर लिधा."

किती वाजता? साडेसहाला. दुधाचा? आमच्याकडे बिनदुधाचा चहा फक्त आजारी माणसाला देतात. खान्देशात चहा हे खाणंही नाही आणि पिणंही नाही, तो मोजलाच जात नाही. पण पोट मोजतं. पाणी किंवा गाळलेला रस यांसाठी दोन तास पुरतात. दूध पोटात गेलं की ते हलक्या जेवणाच्या रांगेत जातं आणि सहा तास लागतात. मी केस एक वाजता घ्यायची ठरवली.

सर्जन म्हणाले, "मॅडम, घोटभर चहासाठी साडेतीन तास?" मी म्हटलं, तोवर तुमची हायड्रोसीलची केस करून घेऊ, त्याला पाठीत सुई पुरते. ते करून घेतलं. त्यांचा राग हायड्रोसील होईपर्यंत टिकला नाही.

तपासणीत बाकी फारसं काही नव्हतं. हिमोग्लोबिन १०.२. सातपुड्याच्या पट्ट्यातला रुग्ण असला की मी सिकलची चाचणी मागतेच, कारण या भागात सिकलसेलचं, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे आणि भुलीत प्राणवायू थोडा जरी खाली आला तरी अशा रक्ताला तो महागात पडतो. तिची निगेटिव्ह होती. लहानपणापासून मशेरी लावायची सवय, त्यामुळे हिरड्या खराब, खालचा समोरचा एक दात हलत होता. तोंड तीन बोटं उघडत होतं, मान मोकळी. घसा आतून दिसायला ठीक, पण तोंड लहान. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा, कारण मी त्याच शब्दावर फसले.

पेटीत काय, ट्रेत काय

भूल दिल्यावर घसा सैलावतो, जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट मिटते. ती उघडी ठेवायच्या तीन रीती आहेत. तोंडावर मास्क हाताने दाबून धरायचा. स्वरयंत्राच्या दोन पट्ट्यांमधून श्वासनलिकेत नळी सरकवायची. किंवा या दोहोंच्या मधली रीत, स्वरयंत्राच्या वर, घशाच्या तळाशी एक वाटीसारखं साधन बसवायचं. तिसरी रीत आर्ची ब्रेन या ब्रिटिश भूलतज्ज्ञाच्या डोक्यातून आली. त्यांनी १९८१ मध्ये लंडनमध्ये ती रुग्णावर वापरली आणि १९८३ मध्ये छापली. तिला लॅरिंजियल मास्क म्हणतात. आमच्या ओटीत सगळ्याच जातींना सरसकट 'एलएमए' म्हणतात, मग तो एलएमए असो वा नसो.

नळी का नाही? छोटं काम, रुग्ण पाठीवर उताणी, पोटाला हात नाही, चेहरा माझ्या ताब्यात. नळीसाठी स्नायू सैल करायचं औषध, हलत्या दातावर लॅरिंगोस्कोपचं पातं, आणि शेवटी नळी काढताना खोकला. स्तनाच्या जखमेवर खोकल्याचा ताण सर्जनला नको असतो. अशा कामांना घशात बसवायचं साधन चांगलं. ब्रिटनमध्ये २०११ साली श्वासमार्गाच्या गंभीर घटनांची जी मोठी देशव्यापी पाहणी छापून आली, तिच्यात पूर्ण भुलीतल्या ५६ टक्के रुग्णांना हीच साधनं वापरली जात असल्याचं दिसलं. त्याच पाहणीने हेही दाखवलं की भुलीशी संबंधित मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण पोटातलं फुप्फुसात जाणं हे होतं. दोन्ही गोष्टी एका पुस्तकात आहेत. लोक पहिलीच सांगतात.

माझ्यासमोर तीन पर्याय होते.

पहिला, क्लासिक एलएमए. सिलिकॉनचा, फुगवायच्या कफचा (वाटीच्या कडेच्या फुग्याचा), जुना. माझं शिक्षण त्याच्यावर झालं. त्याची पकड साधारण १८ ते २० सेंमी पाण्याच्या दाबापर्यंत टिकते. त्यापुढे हवा बाजूने सुटते. आणि त्याला पोटाकडे जाणारी वाट नाही. पोटात हवा शिरली तर बाहेर काढायला रस्ता नाही, आणि पोटातून काही वर आलं तर ते थेट वाटीत, म्हणजे स्वरयंत्राच्या तोंडाशी. चहावाल्या बाईला मी तो देणार नव्हते.

दुसरा, प्रोसील. २००० च्या सुमाराला आलेला. त्याला मागच्या बाजूलाही फुगीर गादी असते आणि वाटीच्या टोकातून अन्ननलिकेकडे उघडणारी वेगळी नळी असते. चांगला बसला तर ३० सेंमीच्या आसपास दाब धरतो. तुलनेच्या बहुतेक अभ्यासांत पकडीच्या बाबतीत तो पुढे असतो; बसवायला मात्र थोडा किचकट, टोक मागे दुमडतं, सवय लागते.

रुग्णालयाकडे चार नंबरचा प्रोसील होता, ट्रेत, कापडात गुंडाळून, ऑटोक्लेव्ह केलेला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेला. मी त्यात हवा भरली. कफ एका बाजूला फोडासारखा वर आला, दुसरी बाजू चपटी राहिली. असं का होतं ते मला माहीत आहे, कारण मी ते बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. कफमध्ये थोडी हवा राहिली आणि तसाच ऑटोक्लेव्हमध्ये गेला की ती हवा आत फुगते आणि सिलिकॉनची भिंत ताणून पातळ करते. म्हणून ऑटोक्लेव्ह करण्याआधी सिरिंजने पूर्ण रिकामा करायचा असतो. या साधनासोबत ४० वेळांच्या वापराची नोंद करायचं कार्ड येतं. मी ते मागितलं. कार्ड होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरं. ओटीतल्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आम्ही घाई असली की सायडेक्समध्ये बुडवतो." सायडेक्स म्हणजे जंतुनाशक द्रव. ते तर त्याहून वाईट. सिलिकॉन ते द्रव शोषून घेतं आणि मग रुग्णाच्या घशाला सोडतं. सिस्टरांवर रागावून उपयोग नव्हता, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी तो प्रोसील बाजूला ठेवला.

तिसरा, आय-जेल. २००७ मध्ये बाजारात आला. फुगवायचं काहीच नाही. वाटीच मऊ जेलसारख्या प्लॅस्टिकची, घशाच्या आकाराला बेतलेली. अन्ननलिकेकडे जाणारी वाट त्यालाही आहे, फक्त नवजात बाळांच्या सर्वांत लहान नंबरला नाही. पकड साधारण २५ च्या आसपास. बसवायला सर्वांत कमी वेळ. वेळेचा हा फरक अभ्यासांत सेकंदांचा असतो आणि मला त्याचं कधीच फार कौतुक वाटलं नाही. सात सेकंद वाचवून करायचं काय? पण घसा दुखण्याच्या तक्रारी कमी येतात, हे मला माझ्या रुग्णांतही दिसतं. आणि कफ नसल्यामुळे ऑटोक्लेव्हने फुगलेला, सुईने टोचलेला, व्हॉल्व्ह चिकटलेला वगैरे भानगड नाही. आमच्याकडे तेवढं एक कारण पुरतं.

तो एकदा वापरून टाकायचा असतो. पुष्कळ ठिकाणी धुऊन पुन्हा वापरतात, मला माहीत आहे. मी बिलात आय-जेल वेगळा लावते आणि वापरल्यावर रुग्णाच्या नातेवाइकांसमोर कापून टाकते.

आय-जेलचे नंबर वजनावर ठरतात. तीन नंबर ३० ते ६० किलोला, चार नंबर ५० ते ९० किलोला. ५७ किलोची बाई दोन्ही रकान्यांत बसते. खान्देशातल्या माझ्या बायांपैकी बऱ्याच जणी याच दहा किलोंच्या पट्ट्यात येतात, म्हणजे पाकिटावरचा तक्ता नेमका जिथे लागतो तिथेच गप्प बसतो. शिवाय ते ५७ किलोही लुगड्यासकट. मी तोंड बघितलं, हलता दात बघितला, म्हटलं तोंड लहान आहे, तीन नंबर सोपा जाईल.

सोपा गेलाच. चूक तीच होती. तोंड लहान असणं आणि घसा लहान असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधन आत जाताना तोंडातून जातं. बसतं मात्र घशात.

भूल

दुपारी एक वाजून दहा मिनिटं. एसी कसाबसा २६ वर आणत होता. ग्लायकोपायरोलेट, मिडाझोलम १ मिलिग्रॅम, फेंटानिल ८० मायक्रोग्रॅम, तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन, मग झोपवणारं प्रोपोफोल १२० मिलिग्रॅम. जबडा सैल झाल्यावर आय-जेलच्या पाठीला पाण्यात विरघळणारी जेली लावून टाळूवरून सरकवला. लिग्नोकेनची जेली मी लावत नाही, सगळीकडे तीच हातात देतात तरी. जागं होताना घसा बधिर राहिला तर आपल्याला हवा असलेला खोकलाच उशिरा येतो. एका झटक्यात गेला, अडला तिथे थांबले. कॅप्नोग्राफवर चौकोनी लाट आली. छाती दोन्हीकडे सारखी वर येत होती. चिकटपट्टी एका गालाच्या हाडापासून दुसऱ्या गालाच्या हाडापर्यंत, कारण आय-जेलला वर सरकायची खोड असते.

मग गळती मोजली. रीत सोपी आहे: वायूचा प्रवाह मिनिटाला ३ लिटर, मशीनची झडप बंद, आणि दाबाचा काटा वर चढताना पाहत राहायचं. जिथे तोंडातून फुस्स आवाज येतो आणि काटा थांबतो, तिथे तुमची पकड संपली. ४० च्या वर जाऊ द्यायचं नाही. काटा १४ वर थांबला. मी जबडा उचलला, साधन थोडं खाली दाबलं, डोकं सरळ केलं. १६. अन्ननलिकेच्या वाटेच्या तोंडावर जेलीचा थेंब ठेवला, बुडबुडे नव्हते.

सोळा कमी आहे हे मला दिसत होतं. पण बाई आता स्वतःचा श्वास घेत होती, मी फक्त पिशवीने हलका हात देत होते, लाट चांगली होती, ऑक्सिजन ९९ होता, सर्जन हात धुऊन उभे होते आणि साडेतीन तास मीच त्यांना थांबवलं होतं. मी कागदावर लिहिलं: गळती १६, स्वतःचा श्वास, स्वीकार्य.

तो शेवटचा शब्द मी आता लिहीत नाही. तेव्हा मी असं धरून चालले होते की पकडीचा प्रश्न मशीनने श्वास द्यायचा असेल तेव्हाच येतो.

ती चार मिनिटं

सर्जनने चिरा घेतला. बाईचा उजवा हात हलला. म्हणजे भूल उथळ होती. का उथळ होती हे नंतर कळलं: मी पिशवी दाबून भुलीचा जो वायू, सेव्होफ्लुरेन, आत ढकलत होते, त्यातलं बरंच त्याच फटीतून तोंडावाटे ओटीच्या हवेत जात होतं. आमच्या मशीनवर वायूचं प्रमाण मोजायची सोय नाही, डायलवर जो आकडा दिसतो तो रुग्णात पोचतो असं आपण धरून चालतो. आणि चिऱ्याआधी जागेवर बधिर करणारं बुपिव्हॅकेन टोचायला सर्जनला सांगायचं मी विसरले. ते माझं काम होतं.

दोन श्वासांनंतर आत घेताना कोंबड्याच्या आरवण्यासारखा बारीक आवाज आला. गळ्याच्या खोबणीत खड्डा पडायला लागला, छाती खाली आणि पोट वर, झोपाळ्यासारखं. कॅप्नोग्राफची लाट बुटकी झाली, मग नुसती कडा राहिली. इथे प्रश्न असतो की साधन सरकलंय की स्वरयंत्राच्या पट्ट्या मिटल्यात. साधन सरकलं असतं तर चिऱ्याच्या आधीच लाट बिघडली असती आणि आरवण्याचा आवाज आला नसता. ती पट्ट्यांची उबळ होती, लॅरिंगोस्पाझम, अजून अर्धवट.

"सर, हात काढा." त्यांनी लगेच काढले.

लॅरिंगोस्पाझममध्ये पहिला उपाय म्हणजे शुद्ध ऑक्सिजन, दाब धरून ठेवायचा आणि जबडा पुढे ओढायचा. मी झडप बंद करून पिशवी दाबली. काटा १६ वर जाऊन तिथेच थबकला. जास्त दाबलं की तोंडातून फुस्स. मिटलेल्या पट्ट्यांवर जो दाब धरून ठेवायचा, तो धरायला साधनच राजी नव्हतं. मला २० किंवा २५ हवे होते आणि माझ्याकडे सोळा होते, कारण दहा मिनिटांपूर्वी मी सोळा चालतील असं म्हटलं होतं. बाकीची हवा कुठे जात होती? थोडी तोंडातून. थोडी पोटात, बरगड्यांखालचा भाग वर यायला लागलेला मला दिसला.

पिशवी सोडली. कानाच्या पाळीमागच्या खोबणीत दोन्ही बोटं रोवून जबडा पुढे ओढला, सिस्टरला प्रोपोफोल ४० मिलिग्रॅम द्यायला सांगितलं. ऑक्सिजन ९९ वरून ९१ वर आला होता. स्नायू झटकन सैल करणारं स्कोलिन सिरिंजमध्ये भरून तयार होतं. मनात ८८ चा आकडा धरला की तिथे पोचलं की ते द्यायचं आणि नळी घालायची. नव्वदवर उबळ सुटली. पहिली लाट बुटकी आली, दुसरी पूर्ण. घड्याळात पाहिलं तर सगळं मिळून जेमतेम चार मिनिटं झाली होती. सिकलची चाचणी निगेटिव्ह आलेली होती हे त्या चार मिनिटांत मला दोनदा आठवलं.

पोट अजून फुगलेलं होतं. आय-जेलच्या बाजूच्या वाटेतून १२ नंबरची रायल्स ट्यूब, पोटात उतरवायची बारीक नळी, सरकवली, अडखळली नाही. तिने आधी हवा सोडली, मग पंचवीसेक मिलिलिटर हिरवट पातळ द्रव. पोट सपाट झालं. चहाचा रंग त्यात नव्हता. सर्जन ते बघत होते आणि काही बोलले नाहीत. क्लासिक एलएमए असता तर ती हवा काढायला मला आधी तो उपटावा लागला असता.

आता निर्णय. श्वास सुरळीत होता, काम वीस मिनिटांचं उरलं होतं. असंच पुढे रेटायचं की साधन बदलायचं? कोणत्याही साधनाला मी तीनपेक्षा जास्त प्रयत्न देत नाही, आणि हा दुसरा होणार होता. भूल खोल करायला सेव्होफ्लुरेन वाढवलं, तीन मिनिटं थांबले, आणखी ३० मिलिग्रॅम प्रोपोफोल दिलं. रायल्स ट्यूब काढली, तीन नंबर काढला, तोंडातलं सक्शन केलं, चार नंबर घेतला. हलत्या दाताजवळ तो अडला. वाटी थोडी तिरकी करून, बोटाने दात झाकून आत घेतली. तोंड लहान असल्याचा त्रास इतकाच. गळती मोजली. काटा चढत गेला. वीस. तेवीस. सत्तावीसला आवाज आला.

सर्जनला जागेवर बुपिव्हॅकेन टोचायला सांगितलं आणि म्हटलं, चला. पुढची पंचवीस मिनिटं लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

जाग

बाईला टेबलावरच डोळे उघडेपर्यंत आय-जेल तसाच ठेवला. ती स्वतः गिळायला लागली, हाक मारल्यावर तोंड उघडलं, "उघडा माय, आणखी," आणि साधन सहज बाहेर आलं. टोकाला रक्ताची बारीक रेघ होती. दात जागेवर. छाती दोन्हीकडे स्वच्छ, खरखर नाही. ऑक्सिजन खोलीतल्या हवेवर ९७. संध्याकाळपर्यंत दर तासाला बघायला सांगून मी निघाले, कारण पोटातलं काही खाली गेलं असतं तर त्याचं पहिलं लक्षण या काही तासांत दिसलं असतं. रात्री फोन केला. घसा थोडा खवखवतोय, खोकला नाही, ताप नाही. सिस्टर म्हणाल्या, चहा मागतेय. मी म्हटलं, आता द्या.

मागे वळून पाहताना

या प्रकरणात कुठलं साधन जिंकलं, असं विचारणारे विद्यार्थी भेटतात. तसं काही झालं नाही. आय-जेलच्या एका नंबरने मला अडकवलं आणि त्याच्याच दुसऱ्या नंबरने सोडवलं. चांगला सांभाळलेला प्रोसील असता तर मी कदाचित पहिल्यापासून तोच घातला असता आणि हे लिहायची वेळ आली नसती; पण 'चांगला सांभाळलेला' हे शब्द आमच्या तालुक्याच्या ओट्यांत साधनाच्या नावाइतकेच महत्त्वाचे आहेत. कागदावर प्रोसीलची पकड ३० असते; त्या ट्रेतल्या प्रोसीलची किती होती कोण जाणे.

दुसरी बाजूही आहे. या पट्ट्यात गुटख्याने तोंडाला कुलूप लागलेले पुरुष रोज येतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि टपरीवर तो रोज मिळतो. दीड बोट तोंड उघडणाऱ्याला आय-जेल दाखवायचीही सोय नाही, त्याची वाटी जाड आहे. हवा काढून चपटा केलेला कफवाला मास्क एखाद्या वेळी जातो. तिथे माझ्या पेटीतली पसंती उलटी होते. आणि खरं तर तिथे घशात बसवायच्या साधनाचा विचारच दुसऱ्या क्रमांकावर जातो. सर्वांसाठी एकच उत्तम साधन सांगणाऱ्या माणसाने आमच्याकडे एक आठवडा ओटी करून बघावी.

माझ्या हातात काय बदललं ते सांगते. बाईमाणूस ५० ते ६० किलोंची असली की मी आता चार नंबर आधी काढते, तीन नंबर उघडून शेजारी ठेवते. गळती मोजल्याशिवाय सर्जनला सुरी देत नाही, हे पूर्वीही होतं. पण आता वीसच्या खाली आला की एकदा बदलतेच, रुग्ण स्वतः श्वास घेत असो वा नसो. शांत श्वासाला सोळा पुरतात. उबळ आली की पुरत नाहीत. आणि दुसऱ्या पिढीचं, म्हणजे अन्ननलिकेकडे वाट असलेलं साधन बसवलं की रायल्स ट्यूब पोटात टाकून बघते, काही काढायचं असो वा नसो. ती सहज गेली म्हणजे वाटीचं टोक अन्ननलिकेच्या तोंडाशी आहे, दुमडलेलं नाही. दोन मिनिटांचं काम आहे. काही सर्जन घड्याळ बघतात.

तीन नंबर घातला तेव्हाच ट्यूब टाकली असती तर पुढचं टळलं असतं का? माझ्या मते नाही. ट्यूब जागा सांगते, पकड सांगत नाही. जेलीच्या थेंबाने बुडबुडे दाखवले नाहीत तेही त्यामुळेच. ते साधन बरोबर जागी होतं, फक्त लहान होतं. जागेच्या सगळ्या चाचण्यांत ते पास झालं आणि ज्या एका चाचणीत नापास झालं तिचा निकाल मी माझ्या हाताने लिहून ठेवला होता.

गाठ तपासणीला पाठवली होती. आठवड्याने अहवाल आला, फायब्रोअॅडिनोमाच. टाके काढायला बाई आली तेव्हा मी योगायोगाने तिथेच होते. तिच्या नवऱ्याने केळ्यांची एक फणी सिस्टरकडे दिली आणि विचारलं, मॅडम, तिला त्या दिवशी एवढं उशिरा का घेतलं. मी चहाचं सांगितलं. तो बायकोकडे बघून हसला. ती म्हणाली, घोटभरच तर लिधा व्हता.

ट्रेतला तो एका बाजूने फुगलेला प्रोसील मात्र त्या दिवशीही ट्रेतच होता, धुतलेला, नव्या कापडात गुंडाळलेला. मी सर्जनना बोलावून त्यात हवा भरून दाखवली. त्यांनी मान हलवली. मग मी त्यांना विचारून त्याच्या फुग्याची नळी कात्रीने कापली आणि कोरं कार्ड त्याच्यासोबत कचऱ्याच्या डब्यात टाकलं.